आचका

रात्री दोन चौदा. उत्तरेकडच्या शाळेतला स्विच
आचका देतो.

आमच्यात खरंच असं म्हणतात.
वीज गेली की पोटात उरलेल्या चिमूटभर विजेवर
यंत्र एक अखेरचा निरोप धाडतं: चाललो.
कुठे, का, कोणामुळे
हे सांगण्याइतका दम त्यात नसतो.

सहा मिनिटांनी तो पुन्हा उठतो,
स्वतःची नाडी स्वतःच बघतो. मेमरी ठीक,
पंखा ठीक, चोवीसच्या चोवीस पोर्ट ठीक,
आणि आजची तारीख, एक जानेवारी एकोणीसशे त्र्याण्णव.
मग कुठला तरी सर्व्हर त्याच्या कानात खरी वेळ सांगतो.
एका ओळीत तो तीसेक वर्षांनी म्हातारा होतो
आणि कुरकुर न करता कामाला लागतो.

ओउलूत, तिसऱ्या मजल्यावर, मी हे वाचते.
समोर चारशे अकरा हिरवे ठिपके. आलबेल, आलबेल.
उंटावरून शेळ्या हाकायच्या;
शेळ्या इनारीच्याही पलीकडे,
उंट रेडिएटरला पाठ लावून.

गांभीर्याच्या आठ पायऱ्या असतात आमच्याकडे.
शून्य म्हणजे सर्वनाश, सात म्हणजे पुटपुट.
आचका कोणीतरी पाचवीवर बसवलाय:
'लक्षात असू द्यावे.'

दोन चौदा. दोन अकरा. दोन वीस.
यंत्र इतकं नेमाने मरत नाही,
आणि मरायचंच तर इतकं मागेपुढेही करत नाही.
इल्पो म्हणाला, पॉवर सप्लाय गेलाय, नवा पाठव.
नवा गेला. नव्यानेही आचका दिला.

अकराव्या रात्रीनंतर मी गाडी काढली.
साडेसहाशे किलोमीटर, उणे चौतीस,
रस्त्यात रेनडिअर, हॉर्नला भीक न घालणारे.
शाळेत सहा मुलं आणि ओंद्रेइ,
जो केअरटेकर आहे, स्वयंपाकी आहे, बर्फही तोच काढतो.
व्यायामाच्या गादीवर मी अंग टाकलं.

दोन सोळाला कपाटाचं दार करकरलं.
लोकरी मोजे, कपाळावर बॅटरी,
हातात गुलाबी हेअरड्रायर,
त्याच्या जाळीत अडकलेला एक लांब पांढरा केस.
सॉकेट तिथे एकच.
त्याने स्विचची पिन उपसली,
ड्रायरची खुपसली, आणि गरम वारा
पाण्याच्या पाइपाच्या कोपरावर धरून उभा राहिला.
नळ आधी खोकला. मग वाहिला.

"ह्या सुमाराला उठावंच लागतं," तो म्हणाला. "वय.
उठलोच आहे तर पाइप बघतो.
नाहीतर सकाळी पोरांना हात धुवायला पाणी नाही."
मग हनुवटीने स्विच दाखवून:
"ह्याला काही होतं का त्याने?"
होत नाही. पण तो मला कळवतो.
"काय?"
की चाललो.
ओंद्रेइने ड्रायरची वायर हातावर गुंडाळली,
सोडली, पुन्हा गुंडाळली.
"आणि तू आलीस."

सकाळी पाइपाला गरम राहणारी केबल बांधली,
भिंतीत दुसरं सॉकेट बसवलं.
तक्रार बंद करायची तर कारण निवडावं लागतं:
वीज, पंखा, तापमान, मानवी चूक.
शेवटच्यावर बोट क्षणभर थांबलं.
मी 'वीज' निवडलं.

स्विचला पाचशे बारा ओळी लक्षात राहतात.
नवी आली की सर्वांत जुनी पडते.
त्या अकरा रात्री केव्हाच पडून गेल्या.
तरी दोन चौदाला माझी नजर तिकडे जातेच.
ठिपका हिरवा. पाणी वाहतंय म्हणायचं.
ओंद्रेइ उठला की नाही,
हे कळायची माझी एकच वाट होती,
तीच मी दुरुस्त करून आले.

आलबेल, इल्पो म्हणतो,
आणि कॉफी आणायला जातो.